शहाण्णव मीटरवरचं दार

दूध उतू जायच्या बेतात होतं. मावशी एका हाताने गॅस बारीक करत होती आणि दुसऱ्या हाताने लहान लहान चादरींची चळत सुतळीने बांधत होती, एवढ्यात दारावर थाप पडली. म्हणजे दारावर नव्हे. नऊ वर्षांपूर्वी जिथे दार होतं आणि आता भिंत आहे, तिथल्या खिडकीच्या झडपेवर.

"पुढून कोण वाजवतंय?" आतून नवऱ्याने विचारलं. तो सकाळपासून चष्मा शोधत होता आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता.

"ज्याला घर ठाऊक नाही असा कोणीतरी. ओळखीचा असता तर मागून आला असता."

"मग सरकारी असणार."

सरकारीच होता. मावशीने झडप उघडली तर बाहेर घामाघूम झालेला एक तरुण कारकून, काखेत फाइल, मागून ट्रकची रांग धुरळा उडवत चाललेली. पायरीवर उभं राहायला जागा नाही म्हणून तो एक पाय गटाराच्या फरशीवर आणि एक डांबरावर ठेवून उभा होता.

"दार कुठंय, बाई?"

"मागे. शेजारच्या बोळातून या."

"पत्ता तर हाच दिलाय."

"पत्ता पुढेच आहे, दार मागे आहे. त्या मागच्या दारापायीच तर तुम्हाला यावं लागलं ना?"

कारकुनाला विनोद कळला नाही. तो बोळाकडे वळला. मावशीने झडप लावली, दूध उतरवलं, नवऱ्याच्या कपाळावरचा चष्मा त्याच्या नाकावर आणला आणि मागचं दार उघडायला गेली. पाळणाघर बंद झाल्याचा पंचनामा करायला माणूस येणार, हे तिला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. तरीही तिने सकाळी उठल्या उठल्या सवयीने बारा छोटे पेले विसळून पालथे घातले होते.

मावशी हे तिचं नाव नव्हे, पण एकोणीस वर्षं दुसऱ्या कुठल्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. पोरं मावशी म्हणायची, पोरांच्या आया मावशी म्हणायच्या, दूधवाला, समोरचा पंक्चरवाला, एवढंच काय, नवराही पोरांसमोर तिला मावशीच म्हणायचा. दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर, त्यातली मोठी खोली पोरांची. एका वेळी बारा पोरं, तेरावं नाही. हा नियम सरकारचा नव्हता, तिचा होता. "दोन हात आहेत मला आणि दोन डोळे," ती म्हणायची. "तेराव्याला बघायला कोण येणार?"

तिचे स्वतःचे नियम काही कमी नव्हते. काखेत थर्मामीटर लावून पारा रेघेच्या वर दिसला की मूल परत. मग आई रडो की हातापाया पडो. एकदा एक बँकेतली मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, अहो एक टिंब वर आहे फक्त. आज माझी बढतीची मुलाखत आहे." मावशीने तिला पाणी दिलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघांना परत पाठवलं. "एक टिंब सोडलं की उद्या दोन टिंबं सोडायला लागतील," असं ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती. ते वाक्य पुढे कोर्टात तिला काळ्या डगल्यातल्या माणसाच्या तोंडून जवळजवळ जसंच्या तसं ऐकायला मिळालं. तेव्हा तिला राग आला नाही. आपलंच उष्टं आपल्या ताटात वाढल्यासारखं वाटलं.

पण ते पुढचं.

नऊ वर्षांपूर्वी घराचं दार रस्त्याकडे होतं. त्याला दोन कड्या होत्या, एक खाली, एक वर, पोरांचा हात पोचणार नाही अशी. कोणी आत आलं की बाहेर गेलं की वरची कडी लगेच आतून घालायची, असा दंडक. त्या दिवशी नवरा दुपारी जेवायला घरी आला होता. तो तेव्हा शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायला होता. जेवला, घाईत निघाला, बाहेरून दार ओढून घेतलं. वरची कडी आतून घालायला मावशीला हाक मारायची, ती राहिली.

पोरं झोपलेली. मावशी मोरीत बाटल्या धूत होती. पाण्याचा आवाज. आणि मग ब्रेकचा, लांबलचक, कान फाडणारा.

ती बाहेर धावली तेव्हा तीन वर्षांची एक पोर रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर उभी होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर ट्रकचं चाक. चाकाखाली तिची एक चप्पल. पोर रडत नव्हती, चपलेकडे बोट दाखवत होती. कोपऱ्यावर पोचलेला नवरा तिथूनच वळून पाहत होता. ट्रकवाला खाली उतरला. "बाई, सांभाळा," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी पोरीची आई न्यायला आली. ती तेव्हा नुकतीच वकिली सुरू केलेली, दिवसभर कोर्टात उभं राहून पाय सुजलेली. मावशीच्या ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "तुमच्या लेकीची एक चप्पल हरवली बघा आज. उद्या नवी आणून ठेवते."

"चपलेचं काय एवढं, मावशी!" वकीलबाई हसली आणि पोरीला कडेवर घेऊन गेली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने रजा टाकली, गवंडी आणला, पुढची चौकट स्वतः पहार घालून उचकटली आणि चार दिवसांत मागच्या अंगणाच्या बाजूला दार काढून पुढे वीट चढवली. कडीचा विषय तिने कधी काढला नाही. त्यानेही नाही. संसारात काही गोष्टी अशा भिंतीत चिणलेल्या बऱ्या असतात.

दार हलवलं की पाळणाघरांना परवाना देणाऱ्या खात्याला कळवावं लागतं. त्याचा एक अर्ज होता. नाव, पत्ता, बदल काय केला, आणि शेवटी एक बारीक रकाना : कारण. मावशी पेन धरून त्या रकान्यापाशी बराच वेळ बसली. खरं लिहिलं तर अकरा आया दुसऱ्या दिवशी पोरं काढून नेतील. बारावी तर कायमची तोंड फिरवील. आणि नवरा त्या कागदाकडे बघत समोर बसला होता. तिने लिहिलं, 'सोयीसाठी'. खात्याने शिक्का मारला. कोणी विचारलं नाही, कुणाच्या सोयीसाठी.

पाच वर्षं गेली. घरामागे अंगण, अंगणापलीकडे नाला, नाल्यापलीकडे बंद गोदामाची दोन पुरुष उंच भिंत. त्या गोदामाच्या जागेत एक दिवस पेट्रोलपंप आला. भिंत तशीच राहिली, त्यामुळे इकडून पंप दिसतही नव्हता. आणखी दोन वर्षांनी नवे नियम आले. कुठल्याशा शहरात पंपाजवळच्या पाळणाघरात आग शिरली होती, वाचून मावशीला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्यानंतर नियम झाला : पाळणाघराचं दार पंपाच्या हद्दीपासून निदान शंभर मीटरवर हवं.

तपासनीस आला तो माणूस वाईट नव्हता. वयाने पोक्त, बोलायला मऊ, पोरांची खेळणी ओलांडताना बूट हातात घेणारा. त्याने मागच्या दारात उभं राहून हातातल्या यंत्रात एक ठिपका घेतला. पंपाच्या हद्दीवरचा ठिपका आधीच घेतला होता. दोन ठिपक्यांमध्ये यंत्राने रेघ मारली.

"शहाण्णव पूर्णांक चार," तो म्हणाला आणि त्याचाच चेहरा पडला.

"पण साहेब, मध्ये भिंत आहे, नाला आहे," मावशी म्हणाली. "इथून पंपावर चालत जायचं तर मोठा रस्ता, चौक, पूल. अर्धा कोस पडतं. तुम्हीच आत्ता आलात ना चालत?"

"आलो. पाय दुखले माझे. पण परिपत्रकात सरळ रेघ म्हटलंय."

"नियमात म्हटलंय?"

"नियमात नुसतं 'अंतर' म्हटलंय. सरळ रेघ खात्याने ठरवलीय."

नवरा गळ्यात टेप अडकवून कोपऱ्यात उभा होता. निवृत्त झाला तरी टेप त्याच्या गळ्यातून सुटली नव्हती. तो म्हणाला, "साहेब, कापड चार बोटं कमी पडलं तर आम्ही शिलाईत जागा काढायचो. गिऱ्हाइकाचा हात नाही कापायचो."

तपासनीस हसला. मग त्याने पुढच्या खोलीत जाऊन खिडकीजवळ दुसरा ठिपका घेतला. "अहो," तो एकदम उजळून म्हणाला, "इथे एकशे चार भरतंय. तुमचं जुनं दार इथेच होतं ना? मग ही भिंत पाडा, पुढचं दार उघडा, मागचं बुजवा. मी आजच शेरा मारतो. पोरं कुठे हलायला नकोत, काही नको."

बाहेरून ट्रक गेला. झडप थरथरली. नवऱ्याने गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळायला सुरुवात केली.

"त्या दारातून पाऊल टाकलं की रस्ता आहे, साहेब," मावशी म्हणाली. "दिवसाला हजार ट्रक जातात."

"रस्त्यापासून दार किती लांब हवं, असा नियम नाही," तपासनीस म्हणाला. हे त्याने कीव येऊन सांगितलं, त्यामुळे ते आणखीच वाईट वाटलं.

"आणि पंपाला परवानगी देताना मागे पाळणाघर आहे, हे कोणी बघितलं नाही?"

"ते खातं वेगळं."

मावशीने पुढचं दार उघडलं नाही. परवाना पुढे चालू ठेवायचा अर्ज नामंजूर झाला, खात्यातलं अपील फेटाळलं गेलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. वकील शोधायला जावं लागलं नाही. चपलेच्या पोरीची आई आता नाव कमावलेली वकीलबाई होती. तिने हकीकत ऐकल्याबरोबर सांगितलं, "मावशी, तुमचं काम मी नाही करायचं तर कोणी? माझी लेक तुमच्या मांडीवर वाढली." आणि आपल्या कारकुनाला कौतुकाने म्हणाली, "ही बाई किती सरळ, सांगू? एकदा माझ्या लेकीची चप्पल हरवली तर दुसऱ्या दिवशी त्याच रंगाची नवी घेऊन दारात उभी."

मावशीने मान खाली घातली. वकीलबाईला तो विनय वाटला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकीलबाईने तिला बोलावून समोर बसवलं. टेबलावर कागदांचा ढीग, त्यात चहाचा कप बुडालेला.

"नीट ऐका, मावशी. सरळ रेघ की चालायची वाट, हा आपला एक मुद्दा. तो कच्चा आहे, मी तुम्हाला फसवत नाही. कोर्ट म्हणणार, खात्याला जास्त कळतं. दुसरा मुद्दा पक्का होऊ शकतो. पुढचं दार धोक्याचं आहे. नियम पोरांच्या जिवासाठी आहे, आणि नियम पाळायला गेलं तर पोरांच्याच जिवाला धोका. हे पटवलं तर न्यायाधीश थांबतील, विचार करतील. पण नुसतं बोलून नाही पटत. एक प्रसंग द्या मला. एकोणीस वर्षांत एकदा तरी एखादं मूल पुढच्या दारातून रस्त्यावर गेलं असेल. गेलंय का?"

भिंतीवर वकीलबाईच्या लेकीचा फोटो होता. बारा वर्षांची, दोन वेण्या, शाळेच्या शर्यतीत मिळालेला पेला हातात, पायात पांढरे बूट.

मावशी म्हणाली, "नाही."

वकीलबाईने सुस्कारा सोडला आणि मग हसली. "नाहीच होणार म्हणा. तुमच्याकडे कसं होईल?"

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?"

"काय?"

 त्या रात्री तो पाणी प्यायला चार वेळा उठला.

कोर्टाची खोली मावशीला शाळेच्या वर्गासारखी वाटली. बाक, उंचावर टेबल, आणि प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत गप्प. खात्याचा वकील तरणाबांड, स्वच्छ आवाजाचा. तो म्हणाला, "महोदय, आग रस्त्याने वळणं घेत चालत येत नाही. ती सरळ येते. म्हणून खात्याने सरळ रेघ धरली." मावशीला ते पटलं. तिने नकळत मान हलवली, आणि वकीलबाईने तिला कोपराने हळूच ढोसलं.

वकीलबाई चांगली बोलली. भिंत सांगितली, नाला सांगितला, ट्रक मोजून आणले होते ते सांगितले. पुढचं दार उघडायला लावणं म्हणजे पोरांना फुफाट्यात ढकलणं, म्हणाली. तेव्हा तो तरणाबांड परत उठला. "या दारामुळे एकही अपघात झाल्याची, होता होता टळल्याची, कसलीही नोंद आहे का? पाळणाघराची वही मी पाहिली. दहा वर्षं हेच दार वापरात होतं. वही कोरी आहे. आणि दार हलवताना याचिकाकर्तीने स्वतःच्या हाताने कारण दिलंय." त्याने कागद वर धरला. "सोयीसाठी."

न्यायाधीश म्हातारे होते, कंटाळलेले नव्हते. ते मावशीकडे बघून बोलले, वकिलांकडे बघून नाही. ते म्हणाले, "रेघ कुठेतरी मारावीच लागते. शहाण्णव सोडलं तर उद्या त्र्याण्णववाला इथे उभा राहील, आणि त्याचीही गोष्ट तुमच्याइतकीच खरी असेल. शंभरच का, नव्वद का नाही, हे ज्यांनी आगीचा अभ्यास केलाय त्यांनी ठरवायचं. 'अंतर' या शब्दाचे दोन अर्थ निघतात, आणि खात्याने धरलेला अर्थ अगदीच वेडगळ नसेल, तर आम्ही आमची टेप काढून मोजायला बसत नाही. बाई, तुम्हाला पुढच्या दाराचा पर्याय दिला होता. तो का घेत नाही, याचं कारण मला कागदात कुठे सापडत नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

सगळी खोली तिच्याकडे वळली. वकीलबाईही. तिच्या डोळ्यांत पुरता विश्वास होता. मागच्या बाकावर नवरा अर्धा उठला होता. मावशीने मागे न बघता हाताने त्याला खाली बसायची खूण केली. पोरांना करायची तशी.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

निकाल अठरा पानी आला. वकीलबाईने सतरा पानं भराभर उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. 'पर्यायी प्रवेशद्वार उपलब्ध असूनही याचिकाकर्तीने ते स्वतःच्या सोयीसाठी बंद केले व बंदच ठेवले.' बाकीची पानं मावशीला कळली नाहीत, आणि कळली तेवढ्यांचा तिला राग नव्हता. हे एक वाक्य मात्र तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. भात गिळा, पाणी प्या, काटा तिथेच.

पंधरा दिवसांत बाराही पोरं गेली. त्यातली पाच पुढच्या चौकातल्या नव्या पाळणाघरात लागली. त्याचं दार थेट बसथांब्यावर उघडतं आणि पंपापासून ते सव्वाशे मीटरवर आहे.

आता कारकून मागच्या दारातून आत येऊन छोट्या खुर्चीवर बसला होता, गुडघे हनुवटीला लागलेले. मोठी खुर्ची खोलीत नव्हतीच. वकीलबाईही आली होती. पंचनाम्याला साक्षीदार लागतो, आणि त्या दिवशीच्या कामासाठी कोर्टात जायच्या आधी इथे यायचं, मावशीला एकटं सोडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"गाद्या बारा. उशा बारा. पेले?"

"बारा," मावशी म्हणाली. "एकाचा कान तुटलाय."

"तुटका लिहायचा रकाना नाही. बाराच लिहितो." त्याने लिहिलं. "पाटी?"

"पुढे आहे, भिंतीवर. तुम्ही तिच्याखालीच उभे होतात."

"ती काढून न्यावी लागेल."

"हे काढून देतील."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो हलला नाही.

कारकुनाने शेवटचं पान उलटलं. "आता 'धारकाचं म्हणणं'. दोन ओळी आहेत. बहुतेक जण 'काही नाही' लिहितात. तुम्ही लिहिता की मी लिहू?"

"तुम्हीच लिहा," मावशी म्हणाली. "मागच्या वेळी मी लिहिलं होतं."

"सांगा."

"पुढचं दार मी माझ्या सोयीसाठी बंद केलं नव्हतं."

कारकुनाचं पेन थांबलं. "असं कसं? निकालात तर तसंच आहे. आणि मूळ अर्जातही तुम्हीच…"

"हो, मीच."

"मग कशासाठी केलं, मावशी?" हे वकीलबाईने विचारलं. आवाजात दोष नव्हता, नुसतं नवल होतं. "मला कधी बोलला नाहीत."

"मी सांगतो," नवरा म्हणाला. 

"तुम्ही दुधावर झाकण ठेवा," मावशी म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तो आत गेला. मग तिने वकीलबाईच्या खांद्यावरून घरंगळणारी पर्स सरळ केली, अगदी शाळेत निघालेल्या पोराची पिशवी सारखी करावी तशी.

"कारण घातलं नाही तर अर्धवट वाटेल," कारकून म्हणाला. "वरचे साहेब विचारतील."

"विचारू देत. कारण लिहू नका. निकाल बदला असं मी म्हणत नाही, पाळणाघर परत द्या असंही म्हणत नाही. तेवढं एक वाक्य त्या दोन ओळींत लिहा, आणि मला वाचून दाखवा."